७०३ रुपये आणि ७३ नाणी

पेढीवर बसणाऱ्या माणसाला सुट्या पैशांचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. गिऱ्हाईक समोर उभे असावे आणि गल्ल्यात मोड नसावी, हा प्रसंग प्रत्येक व्यापाऱ्याच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. आता असे समजा, की एका राज्यात फक्त १, ८, २७, ६४, १२५ अशा रुपयांचीच नाणी चालतात. म्हणजे एखाद्या संख्येला त्याच संख्येने दोनदा गुणले असता जो घन येतो, त्या किमतीची. अशा राज्यात २३ रुपये मोजून द्यायचे झाले तर किती नाणी लागतील? सत्तावीसचे नाणे मोठे पडते. आठची दोन दिली की १६ होतात आणि उरलेले ७ रुपये एकेकाच्या नाण्यांनीच पुरे करावे लागतात. एकूण नाणी नऊ. याहून कमी नाण्यांत २३ रुपये देताच येत नाहीत.

दुसरी रक्कम २३९ ची घ्या. रोखपालाची नेहमीची सवय अशी, की आधी सर्वांत मोठे नाणे द्यावे, मग त्याखालचे. या रीतीने १२५, ६४, २७, दोन आठ आणि सात एक अशी बारा नाणी जातात. परंतु १२५ चे नाणे मुळीच न वापरता ६४ ची दोन, २७ ची चार आणि एकची तीन दिली, तर तेवढीच रक्कम नऊ नाण्यांत भागते. मोठ्या नाण्यापासून आरंभ करणे येथे तोट्याचे ठरते, ही गोष्ट गल्ल्यावर आयुष्य घालवलेल्या माणसालाही चकित करील.

मग प्रश्न असा उभा राहतो, की नऊपेक्षा अधिक नाणी लागतील अशी एखादी रक्कम आहे काय? केंब्रिजचे प्राध्यापक एडवर्ड वेअरिंग यांनी १७७० साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवले, की नाही. त्यांचे विधान याहूनही व्यापक होते. वर्गसंख्यांची नाणी असतील तर कोणत्याही रकमेस चार पुरतात, घनसंख्यांची असतील तर नऊ, चतुर्थ घातांची असतील तर एकोणीस. आणि पुढेही असेच, असे त्यांनी लिहिले. सिद्धता मात्र दिली नाही. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर हुंडी लिहिली, पण ती वटवण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर सोडून दिले. ती पुरती वटण्यास दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या हुंडीचा सर्वांत मोठा भाग ज्यांनी चुकता केला, त्यांपैकी एक गृहस्थ दक्षिण भारतातील एका नव्या विद्यापीठात वर्गावर शिकवणारे व्याख्याते होते. त्यांचे नाव सुब्बय्या शिवशंकरनारायण पिल्लै. रामानुजन यांचे नाव घरोघरी ठाऊक असलेल्या आपल्या देशात हे दुसरे नाव गणिताच्या प्राध्यापकांपलीकडे क्वचितच कोणी ऐकलेले असते.

पिल्लै यांचा जन्म ५ एप्रिल १९०१ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यात, कुट्रालमच्या प्रसिद्ध धबधब्यांजवळील वल्लम या गावी झाला. मूल वर्षाचे होते तोच आई गेली. वडिलांनी घरातील एका वृद्ध नातेवाईक स्त्रीच्या मदतीने त्यांना वाढवले. पुढे शेंकोट्टै येथे शाळेत असताना शास्त्रियार नावाच्या शिक्षकांच्या दृष्टीस या मुलाची बुद्धी पडली. शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात वडीलही वारले. शिक्षण तेथेच थांबावयाचे, परंतु या शिक्षकांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून मदत करून मुलाची शाळा पुरी करविली. त्या काळच्या शाळामास्तरांचा पगार काय असे, हे जुन्या पिढीला सांगावयास नको. पुढे शिष्यवृत्तीवर नागरकोइलचे स्कॉट ख्रिश्चन कॉलेज, आणि पुन्हा शिष्यवृत्तीवरच त्रिवेंद्रमचे महाराजा कॉलेज, असे टप्पे ओलांडून ते पदवीधर झाले. १९२७ साली मद्रास विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून त्यांना जागा मिळाली.

तेथे मार्गदर्शक लाभले ते के. आनंद राव. हे आनंद राव केंब्रिजला प्राध्यापक हार्डी यांच्या हाताखाली शिकलेले, तेथे रामानुजन यांचा सहवास लाभलेले, आणि परत आल्यावर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन करीत राहिलेले. आज संशोधन म्हटले की मोठ्या संस्था, वातानुकूलित ग्रंथालये आणि अनुदाने डोळ्यांसमोर येतात. त्या काळी यांतले काही नव्हते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ ची. तोवर भारतात उच्च गणित जगले ते महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या वर्गांत आणि घरच्या ओट्यावर. विजयराघवन, मीनाक्षीसुंदरम्, चंद्रशेखरन् आणि पिल्लै ही सर्व मंडळी आनंद राव यांच्याच तालमीत तयार झाली. एका कॉलेजच्या प्राध्यापकाने उभी केलेली ही ठेव किती मोठी, याचा विचार क्वचितच होतो.

१९२९ साली पिल्लै चिदंबरम येथील अण्णामलै विद्यापीठात व्याख्याते म्हणून रुजू झाले. हे विद्यापीठही त्याच वर्षी स्थापन झाले होते. या मासिकाच्या वाचकांना त्याचा इतिहास जवळचा वाटेल, कारण ते एका व्यापारी घराण्याच्या दानातून उभे राहिले. राजा अण्णामलै चेट्टियार हे नाट्टुकोट्टै चेट्टियार समाजातील. ब्रह्मदेश, सिलोन, मलाया येथवर सावकारी आणि पेढ्या चालवणारा हा समाज. १९०६ साली मद्रासची अर्बथनॉट ही इंग्रज पेढी बुडाली आणि असंख्य ठेवीदार धुळीस मिळाले. त्यानंतर १९०७ मध्ये स्थानिक भांडवलावर इंडियन बँक निघाली, तीत याच समाजाच्या घराण्यांचा मोठा वाटा होता. अण्णामलै चेट्टियार यांनी १९२० मध्ये नटराजाच्या त्या प्राचीन क्षेत्री आधी एक महाविद्यालय काढले आणि त्यातूनच पुढे विद्यापीठ निर्माण झाले. पेढीवर कमावलेल्या पैशाने बांधलेल्या इमारतीत बसून एका तरुण व्याख्यात्याने नाण्यांच्या त्या जुन्या प्रश्नाला हात घातला, हा योग मोठा मौजेचा आहे.

आता तो प्रश्न थोडा जवळून पाहू. १९३० च्या सुमारास त्याची अवस्था काय होती? वर्गांच्या बाबतीत फ्रान्सचे लाग्रांज यांनी वेअरिंग यांच्या ग्रंथाच्याच वर्षी, १७७० साली, चार वर्ग पुरतात हे सिद्ध केले होते. घनांच्या बाबतीत नऊ पुरतात हे १९०९ मध्ये जर्मनीचे वीफेरिख यांनी दाखवले. त्यांच्या मांडणीत राहिलेली एक फट पुढे १९१२ मध्ये बुजवली गेली. त्याच १९०९ साली हिल्बर्ट यांनी दाखवले, की कोणताही घात घ्या, पुरेशा नाण्यांना काही ना काही मर्यादा असतेच. फार मोठे यश होते ते. पण मर्यादा आहे एवढेच कळले, तिचा नेमका आकडा कळला नाही.

खालची बाजू सोपी आहे, आणि ती कोणाही वाचकास कागदावर करून पाहता येईल. सहाव्या घाताची नाणी घ्या. पहिले नाणे १ चे. दुसरे ६४ चे, कारण दोनचा सहावा घात ६४. तिसरे ७२९ चे, कारण तीनचा सहावा घात ७२९. आता ७२९ मध्ये ६४ किती वेळा जातात? अकरा वेळा, म्हणजे ७०४. त्याहून एक रुपया कमी, अशी ७०३ ची अडचणीची रक्कम घ्या. ७२९ चे नाणे उपयोगाचे नाही. ६४ ची फार तर दहा देता येतील, म्हणजे ६४० झाले. उरलेले ६३ रुपये एकेकाच्या नाण्यांनी द्यावे लागतील. दहा आणि त्रेसष्ट मिळून त्र्याहत्तर. म्हणजे सहाव्या घाताला ७३ पेक्षा कमी नाण्यांत सर्व रकमा भागणे शक्यच नाही. याच रीतीने सातव्या घाताला १४३ येतात, पाचव्याला ३७, चौथ्याला १९ आणि घनाला ९. वेअरिंग यांचे आकडे नेमके हेच आहेत.

खरी अडचण वरच्या बाजूची. ७०३ ला ७३ नाणी लागतात हे ठीक. पण कोट्यवधी, अब्जावधी, कल्पनेपलीकडील रकमांत एखादी अशी निघणार नाही काय, की जिला ७४ लागतील? रकमा अनंत आहेत. प्रत्येक तपासून पाहणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. येथे अनुभवाचा उपयोग नाही, येथे हमी हवी. व्यापारात हजार वेळा पैसे वेळेवर आले म्हणून हजार-एकाव्या वेळीही येतीलच असे कोणी लिहून देत नाही. गणितात मात्र तसे लिहून द्यावे लागते, आणि ते शब्दशः खरे ठरावे लागते.

हार्डी, रामानुजन आणि लिटलवुड यांनी घडवलेल्या पद्धतीने या कामाला वाट मिळाली होती. १९३५ च्या सुमारास रशियाचे विनोग्राडोव्ह यांनी ती पद्धत इतकी धारदार केली, की फार मोठ्या संख्यांना मुळात इतकी नाणी लागतच नाहीत, बरीच कमी पुरतात, हे कळून आले. म्हणजे नदीचा पलीकडचा तीर हाती आला. अलीकडचा तीर, लहान संख्यांचा, हाताने तपासण्याजोगा. पण मध्ये जे पात्र उरले ते अफाट. विनोग्राडोव्ह ज्याला ‘फार मोठी’ म्हणत ती संख्या इतकी प्रचंड, की तिचे अंक लिहिता लिहिता माणूस थकावा. या दोन तीरांमध्ये पूल बांधणे, म्हणजे लहान संख्यांपासून पायरी पायरीने चढत त्या अफाट संख्येपर्यंत सलग पोहोचणे, आणि त्या पायऱ्यांत एकही निसटू न देणे, हे काम होते. हे काम केवळ चतुराईने होत नाही. त्याला चिकाटी लागते आणि हिशेबातला काटेकोरपणा लागतो. एका पायरीची चूक पुढच्या सर्व पायऱ्या पाडते.

१९३६ साली हे काम दोघांनी केले. एक अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे लिओनार्ड डिक्सन. संख्याशास्त्राचा तीन खंडांचा इतिहास लिहिणारे, जगभर नाव असलेले, त्या वेळी साठी ओलांडलेले ज्येष्ठ पंडित. दुसरे चिदंबरमचे पस्तीस वर्षांचे व्याख्याते पिल्लै. दोघांनी एकमेकांचे काम न पाहता, सातव्या घातापासून पुढे वेअरिंग यांचे आकडे खरे ठरण्यासाठी कोणती अट पुरेशी आहे हे सिद्ध केले. ती अट एखाद्या घाताला लागू पडते की नाही हे साध्या आकडेमोडीने तपासता येते, आणि ती आजवर कोणत्याही घाताने मोडलेली नाही.

डिक्सन यांचा लेख अमेरिकेच्या नामांकित गणितपत्रिकेत आला. पिल्लै यांचे लेख आले ते भारतीय गणित परिषदेच्या पत्रिकेत आणि अण्णामलै विद्यापीठाच्या स्वतःच्या पत्रिकेत. युरोप-अमेरिकेतील किती ग्रंथालयांत चिदंबरमच्या विद्यापीठाची पत्रिका त्या दिवसांत उघडली जात असेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. नंतरच्या पुस्तकांत दोघांची नावे शेजारी शेजारी येऊ लागली हे खरे. तरीही बराच काळ या सिद्धान्ताचे मोठे माप डिक्सन यांच्याच पदरात पडत राहिले. यात डिक्सन यांचा काही दोष नव्हता. त्यांनी स्वतःचे काम स्वतः केले होते. पण जमेची नोंद ज्याच्या नावे झाली त्याचाच माल धरला जातो, ही रीत केवळ बाजाराची नाही, विद्येच्या क्षेत्रातही ती चालते. ज्याचे खतावणीचे पान दूरच्या गावी असते, त्याला आपली जमा दाखवण्यासाठी दुप्पट खटपट करावी लागते. पिल्लै यांनी अशी खटपट न करता पुढचा प्रश्न हाती घेतला.

तो पुढचा प्रश्न म्हणजे सहावा घात, आपली ७०३ रुपयांची आणि ७३ नाण्यांची गोष्ट. घात जितका लहान तितकी विनोग्राडोव्ह यांच्या पद्धतीची धार बोथट होते. पलीकडचा तीर आणखी दूर सरकतो आणि पूल अधिक लांब बांधावा लागतो. सातव्या घातापर्यंत येऊन डिक्सन आणि पिल्लै दोघेही थांबले होते ते याचमुळे. १९४० मध्ये पिल्लै यांनी एकट्याने सहाव्या घाताचे प्रकरण पुरे केले. ७३ नाणी सर्व रकमांना पुरतात. या घाताच्या सिद्धतेत दुसरा कोणी भागीदार नाही. पूर्ण माप त्यांचेच.

संगणक नव्हते, गणनयंत्रेही सहज मिळत नव्हती. वर्गावर शिकवून, परीक्षांचे पेपर तपासून, उरलेल्या वेळात कागदावर केलेले हे काम आहे. कॉलेजच्या शिक्षकाला सवड असते असा एक समज सर्वत्र दिसतो. ज्याने पन्नास-साठ विद्यार्थ्यांच्या वह्या रोज तपासल्या आहेत, तो असे कधी म्हणणार नाही.

चिदंबरमच्या बारा वर्षांत पिल्लै यांनी वेअरिंगच्या प्रश्नाखेरीज इतरही पुष्कळ काम केले. त्यातली एक गोष्ट तर शाळेतील मुलांनाही सांगण्यासारखी आहे. ओळीने येणाऱ्या सोळा किंवा त्याहून कमी संख्या कुठूनही घ्या. त्यांत किमान एक संख्या अशी निघतेच, की तिला बाकीच्या कोणाशीही एकहून मोठा सामाईक विभाजक नसतो. हे पिल्लै यांनी सिद्ध केले. पण संख्या सतरा घेतल्या की हमी संपते. २१८४ पासून २२०० पर्यंतच्या सतरा संख्या पाहा. सम संख्या तर सर्व दोनने भागल्या जातात. विषम उरल्या आठ. त्यांत २१८५ आणि २१९५ पाचने जातात. २१८७, २१९३ आणि २१९९ तीनने. २१९१ सातने जाते आणि तिचा जोडीदार २१९८. २१९७ तेराने जाते, तिचा जोडीदार थेट पहिलीच, २१८४. आणि २१८९ अकराने जाते, तिचा जोडीदार अगदी शेवटी, २२००. एकही संख्या एकटी उरली नाही. दोन्ही टोकांच्या संख्या नेमक्या कामी याव्यात, ही रचना पाहून सुताराने चौकट ठोकून बसवावी तसे समाधान होते. याच विचाराचा उपयोग करून पिल्लै यांनी असेही दाखवले, की ओळीने येणाऱ्या सोळापर्यंतच्या संख्यांचा गुणाकार कधीच वर्ग, घन किंवा दुसरा कोणता पूर्ण घात असू शकत नाही. कितीही संख्यांसाठी हे खरे आहे, हे सिद्ध होण्यास मात्र १९७५ साल उजाडले; ते काम हंगेरीचे एर्डोश आणि अमेरिकेचे सेल्फ्रिज यांचे.

आणखी एक प्रश्न त्यांना १९३१ पासून सोडत नव्हता. वर्ग, घन, चतुर्थ घात वगैरे सर्व पूर्ण घात एका ओळीत मांडले तर १, ४, ८, ९, १६, २५, २७, ३२, ३६ अशी यादी होते. तीत ८ आणि ९ यांचे अंतर एक. २५ आणि २७ यांचे अंतर दोन. चारचे अंतर ४ आणि ८ मध्ये आहे, ३२ आणि ३६ मध्ये आहे, आणि पुढे १२१ आणि १२५ मध्येही आहे. पिल्लै यांनी अटकळ मांडली, की कोणतेही अंतर ठरवून घ्या, तेवढ्या अंतराच्या जोड्या मोजक्याच निघतील. यादी जशी पुढे जाईल तशी शेजाऱ्यांमधील अंतरे शेवटी वाढतच जातील. एकच्या अंतराची ८ आणि ९ ही एकमेव जोडी आहे, हे २००२ मध्ये रुमानियात जन्मलेले मिहाइलेस्कू यांनी सिद्ध केले. दोन, तीन, चार आणि त्यापुढील अंतरांची पिल्लै यांची अटकळ आजही सिद्ध झालेली नाही. जगभरच्या शोधनिबंधांत ती ‘पिल्लै यांची अटकळ’ याच नावाने ओळखली जाते.

या सर्व काळात त्यांचा मोठा आधार म्हणजे सर्वदमन चावला यांच्याशी असलेला पत्रव्यवहार. चावला उत्तरेकडे, पुढे बरीच वर्षे लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात. ते लाहोरला आणि पिल्लै चिदंबरमला, म्हणजे देशाच्या दोन टोकांना, आणि मध्ये टपालखाते. १९३० मध्ये दोघांनी मिळून एक महत्त्वाचा लेखही लिहिला. ज्या काळी एखादा परदेशी अंक हाती पडायला महिने लागत, त्या काळी पोस्टकार्डावर लिहिलेली गणिताची एक ओळ किती मोलाची असेल! ही पत्रे जपली गेली, हे आपले भाग्य.

१९४१ मध्ये पिल्लै त्रावणकोरला गेले आणि वर्षभरात कलकत्ता विद्यापीठात. तेथे त्यांना बोलावणारे गृहस्थ फ्रीड्रिख लेव्ही. ते जर्मनीच्या लाइप्झिगचे प्राध्यापक. केवळ ज्यू म्हणून हिटलरच्या राजवटीने त्यांना पदावरून काढले, तेव्हा कलकत्त्याने त्यांना विभागप्रमुखाची खुर्ची दिली. पुढे हेच लेव्ही १९४८ मध्ये मुंबईच्या टाटा संस्थेत आले. पिल्लै यांची कलकत्त्याची वर्षे म्हणजे जपानी बाँबहल्ले, १९४३ चा भीषण दुष्काळ, १९४६ च्या दंगली आणि फाळणी यांची वर्षे. त्या शहरात या काळात वर्ग चालू राहिले, हीच मोठी गोष्ट म्हणावी लागेल.

आणि मग १९५० साल उजाडले. युद्धामुळे चौदा वर्षे खंडित झालेली आंतरराष्ट्रीय गणित परिषद अमेरिकेतील हार्वर्ड येथे भरणार होती. प्रिन्स्टनच्या प्रख्यात प्रगत अध्ययन संस्थेने पिल्लै यांना एक वर्षासाठी आमंत्रण दिले होते. या संस्थेत आइन्स्टाइन होते, आणि जगातील उत्तमोत्तम गणिती तेथे येऊन राहत. ज्याचे लेख देशी पत्रिकांत झाकलेले राहिले होते, त्याच्यासाठी ते दार उघडले तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास होते. शिकवण्याचे तास नाहीत, वह्या नाहीत, केवळ विचार करण्यासाठी एक पूर्ण वर्ष. आयुष्यात पहिल्यांदाच.

मुंबईहून न्यूयॉर्ककडे निघालेले ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे विमान कैरोला थांबून ३१ ऑगस्ट १९५० रोजी रोमकडे निघाले. उड्डाणानंतर थोड्याच वेळात त्याच्या एका इंजिनाला आग लागली. वैमानिकाने ते वाळवंटात उतरवण्याचा प्रयत्न केला. पण विमान कोसळले आणि त्यातील सर्व ५५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत इजिप्तची चित्रपट अभिनेत्री कॅमेलिया होती, म्हणून तिकडे हा अपघात अजूनही तिच्या नावाने आठवला जातो. त्यांतच पिल्लै होते. हार्वर्डची परिषद आदल्याच दिवशी सुरू झाली होती.

त्यांच्या हाती त्या वेळी कोणते काम अर्धवट होते, कोणती अटकळ सिद्ध होण्याच्या वाटेवर होती, हे त्यांच्यासोबतच गेले. मागे राहिले ते वेगवेगळ्या पत्रिकांत विखुरलेले लेख. ते एकत्र करून दोन खंडांत छापले गेले २०१० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. हे काम रामानुजन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ग्रंथमालेत आर. बालसुब्रमण्यन् आणि आर. थंगदुरै यांनी पार पाडले.

वेअरिंग यांची हुंडीही पिल्लै यांच्या हयातीत पुरती वटली नव्हती. पाचवा आणि चौथा हे दोन घात बाकी होते. पाचव्याचे ३७ हे उत्तर चीनचे चेन जिंगरुन यांनी १९६४ मध्ये सिद्ध केले. उरला चौथा घात, ज्याचे १९ हे उत्तर वेअरिंग यांनी स्वतः लिहून ठेवले होते. त्याची अडचणीची रक्कम ७९: सोळाची चार आणि एकची पंधरा नाणी. १९८६ मध्ये तेही प्रकरण मिटले. सिद्ध करणाऱ्या तिघांपैकी देहुइये आणि ड्रेस हे दोघे फ्रान्सचे. तिसरे तेच बालसुब्रमण्यन्, ज्यांनी पुढे पिल्लै यांचे विखुरलेले लेख गोळा केले.